ऋण काढून सीमोल्लंघन?

विजयादशमीच्या प्रभातकाळी दारोदारी झेंडूची तोरणे चढतात, पाटीवर सरस्वतीची रेखाकृती उमटते आणि अंगणात वा सोसायटीच्या आवारात उभ्या असलेल्या वाहनास स्नान घालून, कुंकवाचे स्वस्तिक रेखून, हार चढवून त्याच्यापुढे नारळ वाढविला जातो. शस्त्रपूजेच्या पुरातन प्रथेत मोटारीने आपले स्थान मिळविले, यात वावगे असे काही नाही. ज्या साधनाच्या बळावर आपला चरितार्थ चालतो, त्याच्यासमोर वर्षातून एकदा तरी कृतज्ञतेने हात जोडावेत, हाच आयुधपूजनाचा गाभा होय. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, लेखकाची लेखणी आणि गृहस्थाची मोटार ही सारी या दिवशी एकाच पंक्तीस येऊन बसतात.

परंतु याच दिवशी आणखी एक दृश्य सर्वत्र दिसते. साडेतीन मुहूर्तांपैकी हा एक पूर्ण मुहूर्त. पंचांग न उघडता नवी खरेदी करण्याचा दिवस. मोटारविक्रेत्यांच्या दालनांतून सकाळपासून नव्या गाड्यांच्या किल्ल्या, पेढ्यांचे पुडे आणि हार यांची देवघेव चाललेली असते. आणि ज्या घरात बारा-चौदा वर्षांची जुनी गाडी उभी आहे, त्या घरात नवरात्राच्या नऊ दिवसांत एकच प्रश्न पुनःपुन्हा निघालेला असतो : यंदा हार जुन्या गाडीस घालावयाचा, की नव्या? हा प्रश्न वरवर हौसेचा दिसतो. वस्तुतः तो घराच्या ठेवीचा, वृद्ध आईवडिलांच्या सोयीचा, मुलांच्या शिक्षणाचा आणि थोडासा लौकिकाचाही असतो. म्हणूनच त्याचा विचार या पानावर करणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही.

रांगेचे युग आणि हप्त्याचे युग

आजच्या आजी-आजोबांना ते दिवस स्मरत असतील. रस्त्यावर पद्मिनी आणि ॲम्बॅसिडर यांचे राज्य होते. स्कूटरसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. १४ डिसेंबर १९८३ रोजी मारुती ८०० ची पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली आणि मध्यमवर्गास मोटारीचे स्वप्न प्रथमच आपल्या आवाक्यातले वाटू लागले. तरीही नोंदणी आणि प्रत्यक्ष गाडी यांच्यामध्ये प्रतीक्षेचा काळ असेच. त्या काळाची गैरसोय कोणीही नाकारणार नाही; पण त्या रांगेने नकळत एक उपकार केला. वाट पाहण्याच्या त्या वर्षांत घर पैसा साठवीत असे. गाडी दारी येई तेव्हा तिची बरीचशी किंमत आधीच गाठीस जमलेली असे.

ते युग संपले. ॲम्बॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, मारुती ८०० चेही त्याच वर्षी थांबले, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सीही नाहीशी झाली. आज गाडीसाठी सहसा थांबावे लागत नाही आणि पैशासाठी तर मुळीच थांबावे लागत नाही. कर्ज दारात येऊन उभे राहते. इच्छा आणि प्राप्ती यांच्यामधील जे अंतर पूर्वी रांगेने भरले जाई, ते आता हप्त्याने भरले जाते. फरक इतकाच की, पूर्वीची प्रतीक्षा आधी संपे आणि मग गाडी येई; आता गाडी आधी येते आणि प्रतीक्षा मागाहून, पाच-सात वर्षे चालत राहते. तिला आपण प्रतीक्षा म्हणत नाही, एवढेच.

करकपातीचा मोह

या मोहात अलीकडे राजाश्रयाचीही भर पडली आहे. ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत वस्तू व सेवा कर परिषदेने दरांची फेररचना केली आणि नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून, म्हणजे नेमके घटस्थापनेच्या दिवसापासून, लागू झाले. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि पेट्रोलच्या बाबतीत १,२०० सीसीपर्यंत क्षमतेच्या छोट्या गाडीवर पूर्वी २८ टक्के कर व १ टक्का उपकर होता. तो एकूण १८ टक्के झाला. मोठ्या गाड्यांवर उपकर जाऊन ४० टक्के हा एकच दर आला. याच वर्षी रिझर्व्ह बँकेनेही फेब्रुवारी ते डिसेंबर या काळात आपला रेपो दर ६.५० टक्क्यांवरून ५.२५ टक्क्यांवर आणला.

याचा घरगुती हिशेब साधा आहे. कर वगळून ज्या छोट्या गाडीची किंमत ५ लाख रुपये, ती पूर्वी करासह ६ लाख ४५ हजारांस पडे. आता ती ५ लाख ९० हजारांस पडते. ५५ हजारांची ही सवलत खरी आहे आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. परंतु तिच्यावर राज्याचा मोटार वाहन कर, नोंदणीचे शुल्क आणि विमा यांची भर पडतेच. २०१८ पासून नव्या मोटारीचा तृतीय पक्षाचा विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो, हेही विसरून चालत नाही. सवलतीमुळे पन्नास हजार वाचतात म्हणून जो गृहस्थ सहा लाखांचे कर्ज काढतो, त्याने काय वाचविले, हे त्याने शांतपणे स्वतःस विचारावे.

पंधरा वर्षांची भीती

दुसरीकडे भयही आहे. “पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात द्यावी लागते” असे अनेक घरांतून ठामपणे बोलले जाते. ही समजूत आपल्या प्रांतापुरती बरोबर नाही. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे २०१५ चे व सर्वोच्च न्यायालयाचे २०१८ चे जे आदेश गाजले, ते राजधानी दिल्लीच्या परिसरापुरते होते. तेथे दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर बंधने आली. पुढे २०२५ मध्ये त्यांचा न्यायालयात फेरविचारही झाला. महाराष्ट्रातील खाजगी मोटारीस पंधरा वर्षे ही नोंदणीची मुदत आहे, आयुष्याची मर्यादा नव्हे. गाडी तपासणीस नेऊन, ती योग्य ठरल्यास, पुढील पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण करता येते.

मात्र हे नूतनीकरण पूर्वीसारखे स्वस्त राहिलेले नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. त्यावर राज्याचा पर्यावरण कर निराळा. सरकारचा रोख स्पष्ट आहे : जुनी गाडी ठेवण्यास मनाई नाही, पण ती ठेवणे वर्षागणिक महाग पडावे. ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीररीत्या सुरू झालेल्या मोडीत काढण्याच्या धोरणाचा अर्थही हाच. अधिकृत केंद्रात गाडी मोडीत दिल्यास जे प्रमाणपत्र मिळते, त्याच्या आधारे नव्या खाजगी गाडीच्या मोटार वाहन करात २५ टक्क्यांपर्यंत सूट देण्याची मुभा केंद्राच्या नियमांनी राज्यांस दिली आहे. जुनी गाडी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्यास देण्यापूर्वी ही चौकशी परिवहन कार्यालयात अवश्य करावी.

इंधनाचाही मुद्दा आहे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे २०३० चे उद्दिष्ट सरकारने अलीकडे ओढले आणि २०२५ मध्ये ते गाठले. आपल्या उसाच्या पट्ट्यास त्याचा लाभ झाला, ही जमेची बाजू. पण जुन्या गाड्या या मिश्रणासाठी घडविलेल्या नाहीत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच, मूळ निव्वळ पेट्रोलसाठी बनवून दहा टक्के मिश्रणास जुळविलेल्या मोटारींची इंधनक्षमता सहा ते सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिलेला होता. अशा गाडीच्या रबरी नळ्या आणि गॅस्केट यांच्याकडे मेस्त्रीने वेळोवेळी लक्ष दिले पाहिजे. यात घाबरून जाण्यासारखे काही नाही. खर्चाच्या वहीत एक नवी ओळ वाढली, इतकेच.

वहीतील बेरीज

आता आपण भय आणि मोह दोन्ही बाजूस ठेवून आकड्यांकडे वळू. समजा, एका घराने सहा लाख रुपये नऊ टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले. महिन्याचा हप्ता सुमारे १२,४५५ रुपये पडेल आणि पाच वर्षांत ७ लाख ४७ हजार रुपये फेडावे लागतील. हप्ता जड वाटतो म्हणून मुदत सात वर्षांची केली, तर तो ९,६५३ रुपयांवर येईल. पण एकूण फेड ८ लाख १० हजारांच्या पुढे जाईल. हप्ता हलका झाला, ओझे मात्र वाढले.

दुसऱ्या एका घराने तेच करावयाचे, पण उलट दिशेने, असे ठरविले. पोस्टाच्या पाच वर्षांच्या आवर्ती ठेवीवर २०२५ साली ६.७ टक्के व्याज होते. त्या दराने महिना १०,००० रुपये टाकल्यास पाच वर्षांत ६ लाख रुपये भरले जातात आणि हाती सुमारे ७ लाख १३ हजार येतात. व्याजावर लागू असेल तो आयकर वजा जाता रक्कम थोडी उणी होईल. पहिल्या घराने सहा लाखांच्या वस्तूसाठी साडेसात लाख दिले. दुसऱ्याने सहा लाख देऊन सात लाखांची शक्ती मिळविली. व्याज तेच, एके ठिकाणी ते घराबाहेर जाते, दुसरीकडे घरात येते.

येथे कोणी म्हणेल, पाच वर्षांत गाडीची किंमतही वाढेल, आणि तोवर जुनी गाडी खर्च काढीतच राहील. आक्षेप योग्य आहे. म्हणून तोही वहीत मांडू. विम्याच्या प्रचलित कोष्टकाप्रमाणे पाचव्या वर्षाअखेर गाडीच्या मूल्यात ५० टक्के घट धरतात. सहा लाखांची गाडी तीन लाखांची झाली, म्हणजे वर्षास सरासरी ६० हजार रुपये केवळ काळाच्या ओघात विरले. पहिल्या घराचे व्याज वर्षास सरासरी २९ हजारांहून अधिक. ही बेरीज ८९ हजारांच्या घरात जाते, आणि यात इंधन, विमा वा एकही दुरुस्ती धरलेली नाही. जुन्या गाडीने गॅरेजमध्ये वर्षास चाळीस हजार नेले तर घर हळहळते. पण नवी गाडी उभ्या उभ्या त्याच्या दुप्पट नेते आणि त्याची पावती कोणी फाडीत नाही म्हणून ते जाणवत नाही.

येथपर्यंतचा हिशेब जुन्या गाडीच्या बाजूने जातो. परंतु केवळ रुपयांचा हिशेब हा पुरा हिशेब नव्हे, आणि येथे काटकसरीच्या पुरस्कर्त्यांनाही आम्हांस थांबवावे लागेल.

काटकसरीची मर्यादा

आपल्या मोटारींतील सुरक्षेचे नियम गेल्या काही वर्षांतच कडक झाले. चाके आखडू न देणारी ब्रेकयोजना, जिला एबीएस म्हणतात, ती एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत आवश्यक झाली. चालकासमोरील हवेची पिशवी जुलै २०१९ पासून आणि शेजारच्या आसनासमोरील पिशवी सर्व नव्या मोटारींत २०२१ अखेरपासून बंधनकारक झाली. याचा अर्थ असा की, २०१० च्या सुमारास घेतलेल्या अनेक लहान गाड्यांत यांपैकी काहीही नाही. खंबाटकीचा घाट चढताना इंजिन तापणे ही गैरसोय झाली. उतारावर ब्रेक न लागणे ही गैरसोय नव्हे. कुलदैवताच्या दर्शनास जेजुरीस वा तुळजापुरास वृद्ध आईवडिलांना आणि लहान नातवंडांना घेऊन जी गाडी निघते, तिच्या बाबतीत “अजून दोन वर्षे निघतील” हे वाक्य उच्चारताना काय पणास लागले आहे याचे भान हवे.

म्हणून आम्ही दोन प्रश्न वेगळे करू इच्छितो. गाडी जुनी दिसते, शेजाऱ्याने नवी घेतली, मुलाच्या सासरची मंडळी येणार आहेत, ही बदलण्याची कारणे नव्हेत. ती थांबवून धरता येतात. पण तळाचा पत्रा गंजला आहे, सुकाणूत खेळ आला आहे, ब्रेक दुरुस्त करूनही पुन्हा बिघडतात असे विश्वासू मेस्त्रीने सांगितले, तर तेथे काटकसर हा सद्गुण राहत नाही. अशा वेळी मोठा प्रवास रेल्वेने वा एसटीने करावा, गाडी गावातल्या गावात वापरावी किंवा उभी करावी. आणि बदलण्याचा निर्णय लवकर घ्यावा. टायर, ब्रेक आणि आसनपट्टे यांवरील खर्च मात्र, गाडी उद्या विकावयाची असली तरी, आज टाळू नये.

मधला मार्ग

बहुतेक घरांसाठी मार्ग या दोहोंच्या मध्ये आहे. पाच वर्षे थांबणे शक्य नाही आणि सारे कर्जाने घेणे शहाणपणाचे नाही, तेव्हा निम्मे साठवावे आणि निम्मे घ्यावे. महिना दहा हजारांप्रमाणे अडीच वर्षांत तीन लाखांहून अधिक जमतात. उरलेल्या तीन लाखांचे नऊ टक्क्यांनी तीन वर्षांचे कर्ज घेतले, तर हप्ता सुमारे ९,५४० रुपये पडतो आणि सारे व्याज ४३ हजारांच्या आसपास राहते. पूर्ण कर्जाच्या १ लाख ४७ हजारांशी हे ताडून पाहावे. शिवाय अडीच वर्षे दहा हजार बाजूस काढण्याची सवय ज्या घरास लागली, त्या घरास साडेनऊ हजारांचा हप्ता नवखा वाटत नाही. ज्यास तो जमणार नाही, त्यास ते गाडी येण्यापूर्वीच, ठेवीच्या वहीतच कळते. साठवण ही अशा रीतीने कर्जाची परीक्षाही होय.

गृहिणींस हे सांगावयास नको. भिशीची चिठ्ठी आपल्या नावे निघेपर्यंत थांबण्याचा आणि निघाल्यावरही उरलेले हप्ते चुकते न करता भरण्याचा धडा त्यांनी कधीच गिरविला आहे. घरात मोटारीचा निर्णय होताना वहीचा अधिकार त्यांच्या हाती असावा, असे आम्ही सुचवितो.

दोन बारकावे येथे नोंदवून ठेवतो. विम्यात दावा न केल्याबद्दल मिळणारी सूट, जी सलग पाच वर्षांत ५० टक्क्यांपर्यंत जाते, ती गाडीची नसून मालकाची असते. जुनी गाडी विकताना विमा कंपनीकडून तसे पत्र घेतल्यास ती तीन वर्षांच्या आत नव्या गाडीच्या विम्यास लावता येते. अनेक घरे ही कमाई अजाणता सोडून देतात. दुसरे, जुन्या गाड्यांच्या विक्रीवरील वस्तू व सेवा कराविषयी डिसेंबर २०२४ च्या निर्णयानंतर बराच गोंधळ उडाला. तो कर नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्याच्या रकमेवर आहे. एका गृहस्थाने दुसऱ्यास आपली गाडी विकली तर तो लागत नाही. तेव्हा सुस्थितीतील तीन-चार वर्षांची गाडी ओळखीतून घेणे हाही पर्याय आहे. तिच्या मूल्यातील मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि सुरक्षेच्या नव्या सोयी मात्र तिच्यात असतात.

कौत्साने किती घेतले?

आज आपण ज्या आपट्याच्या पानांना सोने म्हणून देऊ-घेऊ, त्यांच्यामागील कथा सर्वांस ठाऊक आहे. विश्वजित यज्ञात सर्वस्व दान करून रघुराजा रिक्तहस्त झालेला असताना वरतंतूचा शिष्य कौत्स गुरुदक्षिणेसाठी त्याच्या दारी आला. त्यास चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या. रघूच्या पराक्रमास भिऊन कुबेराने सुवर्णाचा वर्षाव केला आणि राजाने ते सारे कौत्सापुढे ठेवले. कौत्साने चौदा कोटी मोजून घेतल्या; एकही अधिक घेतली नाही. उरलेले सोने लोकांनी लुटले, असे लोकपरंपरा सांगते आणि त्याचीच आठवण आपण पानांच्या रूपाने जपतो.

या कथेतील रघूचे औदार्य आपण नेहमी आठवतो. आजच्या दिवशी कौत्साचा संयमही आठवावा, असे आम्हांस वाटते. समोर सोन्याचा ढीग होता, देणारा सर्व घे म्हणत होता, तरी त्याने आपल्या गरजेचा आकडा बदलला नाही. आज आपल्यापुढेही ढीग आहेच. “आपण आठ लाखांच्या कर्जास पात्र आहात” असा संदेश येतो आणि पाच लाखांची गाडी पाहावयास गेलेला गृहस्थ आठ लाखांची ठरवून परततो. पण पात्रता हा देणाऱ्याच्या सोयीचा आकडा आहे, घेणाऱ्याच्या गरजेचा नव्हे. शिवाय कुबेराने ते सोने परत मागितले नव्हते. हा कुबेर दरमहा पाच तारखेस मागतो.

‘ऋण काढून सण’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उपहासाने घडविली. त्यांनी सण साजरे करू नयेत असे म्हटले नाही आणि ऋण कधीच काढू नये असेही म्हटले नाही. सणासाठी ऋण काढू नये, इतकेच म्हटले. मुहूर्त शुभ आहे तो कार्यारंभासाठी. नव्या गाडीची किल्ली घेणे हा एक आरंभ खरा. पण पोस्टात जाऊन तिच्या नावाने आवर्ती ठेवीचे पहिले दहा हजार, पाच हजार, नाहीतर दोन हजार भरणे हाही आरंभच होय. सीमोल्लंघन म्हणजे गावाची वेस ओलांडणे. ज्याच्या पायात हप्त्याची बेडी नाही, त्यास ती ओलांडणे सुकर जाते.

तेव्हा, वाचकहो, आज जुन्या गाडीस मनोभावे हार घाला. तिने मुलांना शाळेत पोचविले, आजारी माणसास अपरात्री दवाखान्यात नेले, देवाच्या दारी नेऊन आणले. तिची पूजा ही निर्जीव पत्र्याची पूजा नव्हे. नारळ वाढविण्यापूर्वी तिचे ब्रेक आणि टायर तपासून घ्या, आणि पूजेनंतर घरातील सर्वांनी एकत्र बसून वहीचे एक कोरे पान उघडा. पुढील कोणत्या दसऱ्यास तिला निरोप द्यावयाचा, किती रक्कम जमल्यावर, आणि त्याहून अधिक एक रुपयाही घ्यावयाचा नाही, हे त्यावर लिहून ठेवा. आपट्याचे पान त्याच पानात ठेवावे. सर्व वाचकांस विजयादशमीच्या हार्दिक शुभेच्छा.